डुकरांची वाहतूक आणि भीतीची किंमत

डुक्कर हाकायचे म्हणजे काठी हवीच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः डुक्कर अडते ते बहुधा हट्टाने नव्हे, भीतीने. वाटेतील सावली, डबके किंवा चकाकणारा पत्रा पाहून ते थबकते. उजेडातून अंधाऱ्या मालमोटारीत शिरण्यास कचरते. घामावाटे अंग थंड करण्याची सोय निसर्गाने त्याला जवळजवळ दिलेलीच नाही. त्यामुळे उन्हात पिटाळून दाटीवाटीने कोंबलेले जनावर वाटेतच दगावू शकते. जे जगते, त्याचे मांस कत्तलीपूर्वीच्या धास्तीने फिकट व पाणचट होण्याचा संभव असतो.

मग काठी सुटत का नाही? कारण ती ज्याच्या हाती, तोटा त्याच्या पदरी पडत नाही. मजुरी खेपेवर ठरली की घाईत फायदा हमालाचा आणि नुकसान पालनकर्त्याचे.

युरोपीय संघाने २००५ साली नियम करून डुकरांसाठी चढउताराच्या फळीचा कल २० अंशांपर्यंत मर्यादित केला; विजेचा झटका शक्यतो टाळावा, दिलाच तर एका सेकंदाहून अधिक नको, असेही बजावले. आपल्याकडे प्राण्यांवरील क्रौर्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० पासून आहे. परंतु केवळ कायद्याने हात थांबत नाही. मजुरी सुखरूप उतरलेल्या जनावरामागे द्यावी, कळप लहान ठेवावा आणि काठीऐवजी आडोशाची रुंद फळी वापरावी. भूतदया आणि व्यवहार यांचे वैर असते, हा समज निदान येथे तरी टिकणारा नाही.