तिकीट विकले, पैसे कोणाचे?

नाट्यगृहाच्या खिडकीवर प्लॅनवर पेन्सिलीची खूण करून तिकीट दिले की व्यवहार तेथेच संपे. गल्ल्यात पडलेले पैसे निर्मात्याचे होत. ऑनलाइन विक्रीत पैसे खात्यात जमा होतात, पण ते आपलेच राहतील याची निश्चिती नसते. प्रयोग होऊन नटांची नाइट व नाट्यगृहाचे भाडे चुकते झाल्यानंतरही एखादा कार्डधारक ‘सेवा मिळाली नाही’ अशी तक्रार बँकेकडे करू शकतो. व्हिसाच्या नियमांत अशा तक्रारीस १२० दिवसांची मुदत असून ती सेवेच्या अपेक्षित दिवसापासूनही मोजली जाते. तक्रार दाखल झाली की रक्कम सामान्यतः विक्रेत्याच्या खात्यातून वळती होते. वर शुल्कही पडते. आपली बाजू त्याने मागाहून सिद्ध करावयाची!

ग्राहकाला संरक्षण नको, असे कोणीही म्हणणार नाही. अमेरिकेने १९७४ साली कायदा करून चुकीच्या आकारणीस हरकत घेण्याचा अधिकार कार्डधारकाला दिला, तो योग्यच होता. २०२० साली जगभर कार्यक्रम रद्द झाले, तेव्हा अनेकांना पैसे परत मिळविण्यास हाच मार्ग उरला होता. वाद आहे तो पुराव्याचा. साडी विकणाऱ्याजवळ कुरिअरची पोचपावती असते. तिकीट म्हणजे मात्र विशिष्ट संध्याकाळच्या विशिष्ट खुर्चीचे वचन. साडी परत घेता येते. पडदा पडल्यावर ती खुर्ची पुन्हा विकता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २००९पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांस दुसरी खातरजमा सक्तीची केली. त्यामुळे पैसे कार्डधारकानेच भरले हे दाखविणे सोपे झाले. तो प्रयोगाला आला, हे त्यातून सिद्ध होत नाही. दारावरचा माणूस मोबाइलकडे नजर टाकून प्रेक्षकाला आत सोडतो, नोंद कोठेच राहत नाही. मध्यंतरात त्याने बटाटेवडा खाल्ला, याची साक्ष कोणी द्यावी?

मोठ्या कंपन्या असा तोटा पचवितात. दोन-चार प्रयोगांच्या उत्पन्नावर पुढचे नाटक उभे करणाऱ्या संस्थेला तो झेपत नाही. दारावर तिकीट स्कॅन झाल्याची वेळेसह नोंद हीच पोचपावती मानली पाहिजे, आणि रक्कम वळती करण्यापूर्वी विक्रेत्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. निर्मात्यांनीही परताव्याच्या अटी बारीक अक्षरांत दडवू नयेत. प्रमुख नट बदलला तर ते प्रयोगापूर्वीच जाहीर करावे. प्रेक्षकाच्या काही तक्रारी खऱ्या असतात, आणि खोट्या तक्रारी वेगळ्या काढावयाच्या तर आधी त्या खऱ्या तक्रारींचे निवारण खिडकीवरच व्हावयास हवे.