आपल्या नाशकातलं फुकट कलाप्रदर्शन

परवा कामानिमित्त एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. जिन्याखाली आग विझवायचा लाल सिलिंडर. त्याला खंडेनवमीचा झेंडूचा हार, वाळून काळा पडलेला. काटा हिरव्या पट्ट्यातून कधीच लालमध्ये उतरलेला. तपासणीच्या चिठ्ठीवर शेवटची तारीख २०१९ ची. शेजारच्या लाल बादलीत वाळू कमी, गुटख्याच्या पिचकाऱ्या जास्त. पाण्याच्या नळीच्या पेटीत झाडू.

हेच सगळं एखाद्या चित्रकाराने गॅलरीत मांडलं असतं, तर त्याला ‘मांडणशिल्प’ म्हटलं असतं, समीक्षा छापून आली असती. आपल्याकडे प्रत्येक मजल्यावर ते फुकट आहे. फक्त कलाकार सही करत नाही.

हसू आलं ना? मलाही आलं. मग तारखा आठवल्या.

९ जानेवारी २०२१, भंडारा जिल्हा रुग्णालय. आगीत १० तान्ही बाळं गेली. राज्यभर रुग्णालयांच्या ऑडिटचे आदेश निघाले.
२१ एप्रिल २०२१, आपलं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय. ऑक्सिजनच्या टाकीला गळती, पुरवठा तुटला, त्या दिवशी २२ रुग्ण गेले. अग्निशमन सेवा सप्ताह आदल्याच दिवशी संपला होता!
६ नोव्हेंबर २०२१, नगरचं जिल्हा रुग्णालय. आयसीयूला आग, ११ बळी.

म्हणजे आदेशांनी यंत्रणा जागी होत नाही. कायदा तर २००६ चा आहे. आग प्रतिबंधक यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, इमारतीच्या मालकाने किंवा वापरणाऱ्याने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून घेऊन अग्निशमन विभागाला द्यायचं असतं. तुमच्या मुलांच्या शाळेचं ते तुम्ही कधी पाहिलंय? मीही, पत्रकार असून, परवापर्यंत कुठे मागितलं नव्हतं. ही माझी चूक, कबूल.

‘निधी नाही’ हे मात्र सांगू नका. २०२७ च्या सिंहस्थासाठी कोट्यवधींची कामं निघताहेत. त्या गर्दीच्या शहरात सिलिंडर भरायला पैसे नाहीत, हे कुणाला पटेल? आणि उद्या काही झालंच, तर झाडू ठेवणारा शिपाई निलंबित होईल. फाइलवर ‘सर्व ठीक’ लिहिणारे साहेब नाही.

मंडळी, एक करा. उद्या दवाखान्यात, शाळेत, मंगल कार्यालयात जाल तिथे सिलिंडरचा काटा आणि चिठ्ठीवरची तारीख बघा. जुनी असेल तर फोटो काढा, तिथल्या प्रमुखाला दाखवा आणि ‘फॉर्म बी’ मागा. टाळाटाळ झाली तर फोटो मला पाठवा, पाठपुरावा मी करतो.

हार घालायचा तर सिलिंडर भरल्यावर घाला. नाहीतर पुढचा हार फोटोला घालावा लागतो.