ग्लासगोची काटकसर आणि आपले बॅडमिंटन

ग्लासगो येथे २३ जुलै ते २ ऑगस्ट २०२६ या दिवसांसाठी मुक्रर झालेल्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या कार्यक्रमपत्रिकेत दहा खेळांची नावे आहेत. बॅडमिंटनचे नाव त्यांत नाही. १९६६ साली जमैकाच्या किंग्स्टन नगरीत या खेळाला राष्ट्रकुलाच्या पंगतीत प्रथम पान मिळाले. तेव्हापासून २०२२ च्या बर्मिंगहॅमपर्यंत पंधरा पंगती उठल्या, पण ते पान कोणी उचलले नव्हते. किंग्स्टनला बॅडमिंटन आले तेव्हा लॉन बोल्स हा खेळ वगळला गेला होता. साठ वर्षांनी बोल्स पानावर आहे आणि बॅडमिंटन दाराबाहेर उभे आहे. ही थट्टा काळाने करावी तीही ग्लासगोतच! १९३४ साली ज्या नऊ संघटनांनी बॅडमिंटनचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला, त्यांत स्कॉटलंडची संघटना होती. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये याच शहरात जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात आपली पी. व्ही. सिंधू व जपानची नोझोमी ओकुहारा एकशेदहा मिनिटे झुंजल्या होत्या.

ग्लासगोवर दोषारोप करण्यापूर्वी मात्र घडले काय, हे नीट पाहिले पाहिजे. २०२६ च्या स्पर्धा मुळात ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात व्हावयाच्या होत्या. जुलै २०२३ मध्ये त्या राज्याच्या सरकारने, खर्च सहा-सात अब्ज डॉलरांच्या घरात जाईल असे सांगून अंग काढून घेतले आणि पुढे अडतीस कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांची भरपाई मोजली. लग्नघटिका जवळ आली आणि नवरदेवच मांडवातून पळाला, अशी राष्ट्रकुल महासंघाची अवस्था झाली. त्यानंतर गोल्ड कोस्ट शहराने माघार घेतली. मलेशियाला विचारणा झाली. मार्च २०२४ मध्ये तिनेही नकार कळविला. सिंगापूरनेही तोच मार्ग धरला. अखेर ग्लासगोने हे ओझे पत्करले, ते चार क्रीडासंकुले, आठ मैलांचा टापू आणि दहा खेळ या अटींवर. बॅडमिंटनबरोबर हॉकी, क्रिकेट, कुस्ती, टेबल टेनिस, स्क्वॉश, ट्रायथलॉन यांनाही रजा मिळाली. बुडत्या घराला ज्याने टेकू दिला, त्याला 'तू चांदीचा खांब का आणला नाहीस' असे विचारणे शोभत नाही.

मलेशिया आणि सिंगापूर यांच्या नकाराकडे मात्र वाचकांनी जरा निरखून पाहावे. राष्ट्रकुलात बॅडमिंटनवर जीव टाकणारे देश म्हणजे मुख्यतः मलेशिया, भारत आणि सिंगापूर. मलेशियात तर हा खेळ राष्ट्राचा अभिमान होऊन बसला आहे. या तिघांपैकी दोघांनी यजमानपद नाकारले, आणि आपणही त्या अडचणीच्या वेळी पुढे झालो नाही. ज्यांना पान हवे होते त्यांच्यापैकी कोणीच चूल पेटविली नाही. मग स्वयंपाक्याने आपल्या सोयीचे चार पदार्थ रांधले, तर तक्रार कोणाकडे न्यावयाची?

ऑक्टोबर २०२४ मध्ये ही यादी जाहीर होताच आपल्याकडे जो गदारोळ उठला, तो जवळजवळ सर्वस्वी पदकांच्या गणिताचा होता. गणित खरे आहे. बर्मिंगहॅमला भारताने एकसष्ट पदके मिळविली. त्यांपैकी तीस पदके ग्लासगोने वगळलेल्या खेळांतली होती. बावीस सुवर्णपदकांपैकी तेरा कुस्ती, टेबल टेनिस आणि बॅडमिंटन या तीन खेळांची. यावरून हा भारताविरुद्धचा कट आहे, असाही सूर काहींनी लावला. हा सूर आम्हांला मान्य नाही. हॉकी गेल्याने ऑस्ट्रेलियाचेही नुकसान आहे आणि बॅडमिंटन गेल्याने खुद्द इंग्लंडचेही. बर्मिंगहॅमसाठी नेमबाजी वगळली गेली तेव्हा २०१९ साली आपल्या ऑलिंपिक संघटनेने बहिष्काराची तलवार उपसली होती आणि त्याच वर्षाअखेर ती म्यानही केली होती. त्या प्रकारातून नेमबाजीला काही लाभले नाही. आपला शब्द मात्र हलका झाला.

पदकांची वही बाजूला ठेवून विचार केला म्हणजे एक अडचणीचा प्रश्न पुढे येतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. राष्ट्रकुलात चीन नाही, इंडोनेशिया नाही, जपान, कोरिया, डेन्मार्क, थायलंड नाहीत. या देशांना वगळून जिंकलेल्या बॅडमिंटनच्या सुवर्णाचे मोल किती? जाणकारांत असे म्हणणारे पुष्कळ आहेत की, बॅडमिंटनच्या खऱ्या परीक्षा आशियाई क्रीडास्पर्धा, जागतिक अजिंक्यपद आणि ऑलिंपिक. राष्ट्रकुल गेले तर एक सोपा पेपर गेला, इतकेच. हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. परंतु चौथीत शिकणाऱ्या मुलाला कोणी एकदम मॅट्रिकला बसवीत नाही. सोपा पेपर कोणाच्या उपयोगी पडतो, याचे उत्तर इतिहासात आहे.

१९६६ च्या किंग्स्टनला दिनेश खन्ना यांनी ब्राँझपदक आणले. १९७८ साली एडमंटन येथे प्रकाश पदुकोण यांनी पुरुष एकेरीचे सुवर्णपदक जिंकले आणि दोनच वर्षांनी, १९८० च्या मार्चमध्ये, ऑल इंग्लंडचा चषक त्यांच्या हाती आला. मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी शेवटचा गुण आपण घेऊ शकतो, हा विश्वास सरावाच्या हॉलमध्ये निर्माण होत नाही. तो जिंकूनच यावा लागतो. १९८२ साली ब्रिस्बेनला सय्यद मोदी यांनी तीच कामगिरी केली. त्यानंतर अठ्ठावीस वर्षे राष्ट्रकुलात बॅडमिंटनचे सुवर्ण आपल्या वाट्याला आले नाही. मुंबईच्या अपर्णा पोपट यांनी १९९८ साली क्वालालंपूरला रौप्यपदक मिळविले, हाच त्या दीर्घ अवर्षणातला एक पावसाळा.

आणि मग १४ ऑक्टोबर २०१०! दिल्लीच्या स्पर्धांचा तो अखेरचा दिवस. त्या स्पर्धांच्या संयोजनातील गैरव्यवहारांनी देशाची मान खाली गेली होती, हे आम्ही विसरलेलो नाही. पण त्या दिवशी सिरी फोर्टच्या सभागृहात साईना नेहवाल पहिला गेम हरली, दुसऱ्यात सामना हातचा जाण्याच्या टोकावर उभी राहिली, प्रतिस्पर्धी मलेशियाच्या वाँग म्यू चूला एकच गुण हवा होता. आणि तेथून साईनाने तो गेम तेवीस-एकवीस असा ओढून घेतला व तिसरा सहज जिंकला. ते भारताचे अडतिसावे सुवर्ण होते. इंग्लंडची सदतीस होती. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी साईनाचे नाव शिरोभागी छापले, ते योग्यच होते. परंतु आमच्या मते त्या दिवसाची अधिक दूरगामी घटना वेगळीच होती. ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी त्याच दिवशी महिला दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले.

दुहेरीचा खेळ हे भारतीय बॅडमिंटनचे जुने दुखणे. आपल्याकडे एकेरीतला खेळाडू हा नायक, दुहेरीतला सोबती. पुरस्कर्ते एकेरीमागे, प्रशिक्षक एकेरीमागे, आईबापही एकेरीमागे. १९७८ साली अमी घिया आणि कंवल ठाकूर सिंग यांनी महिला दुहेरीत ब्राँझपदक मिळविले होते. त्यानंतर त्या वाटेवर गवत वाढले. २०१० च्या सुवर्णाने ते बाजूला झाले. पुढच्याच वर्षी ज्वाला-अश्विनी जोडीने लंडन येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ब्राँझ मिळविले. २०१४ साली ग्लासगोलाच त्यांना रौप्य, २०१८ साली अश्विनी व सिक्की रेड्डी यांना ब्राँझ, आणि २०२२ साली ट्रीसा जॉली व गायत्री गोपीचंद या एकोणीस वर्षांच्या दोन मुलींना पुन्हा ब्राँझ. ही परंपरा राष्ट्रकुलाने टिकविली. आपल्या क्रीडाधुरीणांनी नव्हे.

पुरुषांची कथा अधिक उद्बोधक आहे. एप्रिल २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि मुंबईचा चिराग शेट्टी हे दुहेरीच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या जोडीकडून हरले. एक सतरा वर्षांचा, दुसरा विशीतला. चार वर्षांनी बर्मिंगहॅमला तेच सुवर्णपदक त्यांनी घेतले, आणि २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत भारताचे बॅडमिंटनमधील पहिले सुवर्णपदक जिंकून ते जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचले. चीन-इंडोनेशियाच्या जोड्यांनी ज्या वयात त्यांना पहिल्या-दुसऱ्या फेरीत घरी पाठविले असते, त्या वयात अंतिम सामन्याचा ताण त्यांनी राष्ट्रकुलात अनुभवला. सोप्या पेपराचा उपयोग तो हाच.

त्याहून महत्त्वाची आहे ती मिश्र सांघिक स्पर्धा. पुरुष एकेरी, महिला एकेरी, पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी असे पाच सामने. तीन जिंकेल तो संघ विजयी. एखाद्या सिंधूच्या वा श्रीकांतच्या खांद्यावर हा गाडा ओढला जात नाही. या स्पर्धेत आपण २००६ साली ब्राँझ, २०१० साली रौप्य, २०१४ साली चौथे स्थान, २०१८ साली मलेशियाला हरवून सुवर्ण आणि २०२२ साली मलेशियाकडूनच हरून रौप्य मिळविले. बर्मिंगहॅमच्या त्या पराभवात एकट्या सिंधूचा सामना आपल्या पदरी पडला. कोणत्या जागी छप्पर गळते, हे एवढे स्पष्ट दुसरीकडे कोठे दिसले नसते. मिश्र संघांची सुदिरमन चषक स्पर्धाही आहे, हे खरे. परंतु १९८९ पासून चालत आलेल्या त्या स्पर्धेत भारताला एकही पदक मिळालेले नाही. तेथे समोर पहिल्याच दिवशी चीन वा इंडोनेशिया उभा राहतो. पहिल्या पायरीवरून एकदम माडीवर उडी मारावयाची नसेल, तर मधली पायरी लागते. ग्लासगोच्या यादीने काढून घेतली ती ही मधली पायरी, आणि नुकसान झाले ते सिंधू वा लक्ष्य सेन यांचे नव्हे. ते वर्षभर जगभर खेळतातच. नुकसान झाले ते ज्यांची नावे अद्याप वृत्तपत्रांत आलेली नाहीत अशा सतरा-अठरा वर्षांच्या दुहेरीतल्या मुलामुलींचे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली, २०१२ नंतर प्रथमच, आपले बॅडमिंटनपटू रिक्त हस्ताने परतले. नव्या पिढीला पायऱ्यांची गरज होती ती अशा वेळी.

आता २०३० चा विचार. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या वर्षीच्या स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले. त्या वेळी जी प्राथमिक यादी पुढे आली, तीत टेबल टेनिस, बोल्स, नेटबॉल इत्यादी खेळ निश्चित म्हणून होते. बॅडमिंटनला स्थान मिळाले ते विचाराधीन खेळांत. यजमानाच्या हाती खेळ निवडण्याचा बराच अधिकार असतो, हे पाहता भारतातल्या स्पर्धेत बॅडमिंटन येणार, असे सर्वच गृहीत धरतात. गृहीत धरावे, पण दोन गोष्टी बजावून ठेवणे आम्हांला अगत्याचे वाटते.

पहिली ही की, यजमानाच्या मर्जीने आलेला खेळ यजमानाच्या मर्जीनेच जातो. २०३० ला आपण आपल्या पदकांचे खेळ भरले, तर पुढच्या यजमानाने ते काढावे, यात अन्याय तो कोणता? नेमबाजीचे हेच झाले. बॅडमिंटनला राष्ट्रकुलात जागा हवी असेल तर ती कायमच्या खेळांत हवी, आणि त्यासाठी क्वालालंपूर, सिंगापूर, लंडन, ओटावा येथील संघटनांना बरोबर घेऊन महासंघात बोलावे लागेल. हा खेळ त्या मानाने स्वस्तही आहे. एक बंद सभागृह, काही रबरी पट्ट्या आणि जाळी. नवे स्टेडियम बांधावे लागत नाही, तळी खोदावी लागत नाहीत. खर्चाच्या भीतीने घाबरलेल्या यजमानांपुढे हा युक्तिवाद मांडण्यासारखा आहे, आणि तो मांडण्याचा अधिकार भारताइतका दुसऱ्या कोणाला नाही. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीत गोरे अधिकारी हा खेळ खेळत तेव्हा त्याला 'पूना' याच नावाने ओळखत, हे केवळ पुणेकरांच्या अभिमानाचे प्रकरण म्हणून सोडून देऊ नये.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची. काटकसरीचा सूर एकदा लागला की, खेळ ठेवावा आणि त्यातले प्रकार कमी करावेत, अशी तडजोड नेहमी पुढे येते. बॅडमिंटनमध्ये ही कात्री प्रथम कोठे चालेल, हे सांगावयास ज्योतिषी नको. सांघिक स्पर्धेसाठी प्रत्येक देशाला अधिक खेळाडू आणावे लागतात, त्यांच्या निवासाचा खर्च येतो, सभागृह आणखी काही दिवस अडकते. एकेरीचे दोन सामने प्रेक्षकांना पुरेसे आहेत, असे सांगणारे निघतील. दुर्दैवाने त्यांत आपलेही काही निघतील, कारण सुवर्ण एकेरीतही तितकेच चकाकते. भारतीय बॅडमिंटन संघटनेने आणि ऑलिंपिक संघटनेने मिश्र सांघिक व दुहेरीच्या तिन्ही प्रकारांचा आग्रह महासंघाकडे लेखी नोंदवावा, आणि त्या आग्रहाची प्रत जनतेपुढे ठेवावी. २०३० साली जी मुले अठराची होतील, ती आज शाळेतून सुटल्यावर पुण्या-मुंबईच्या, हैदराबाद-बंगळूरच्या सभागृहांत फुले मारीत आहेत. त्यांतल्या किती जणांना जोडीदार मिळेल, ते या कागदावर अवलंबून आहे.