दोन लाखांचें ग्राफिक्स कार्ड घ्यावें काय?

गेल्या महिन्यांत आलेल्या पत्रांपैकीं एक पत्र आम्हीं मुद्दाम बाजूस काढून ठेविलें होतें. लिहिणाऱ्या भगिनी नाशिककडील असून त्यांचें कुटुंब एकत्र आहे. थोरले दीर घरचा व्यवहार पाहतात. या बाईंचे चिरंजीव नुकतेच नोकरीस लागले आहेत आणि संगणकावरील खेळांसाठीं जीफोर्स आरटीएक्स ५०९० हें ग्राफिक्स कार्ड घ्यावें असें त्यांनीं मनांत धरिलें आहे. निम्मी रक्कम पगारांतून सांठविली; उरलेली निम्मी घरच्या सामाईक पैशांतून मिळावी असें त्यांचें म्हणणें. आजोबांच्या मतें हा शुद्ध उधळेपणा आहे. काकांनीं 'पुढें पाहूं' म्हणून विषय टाळला. तेव्हांपासून चिरंजीव जेवणाच्या वेळीं खालीं मान घालून जेवतात आणि उठून जातात. 'वस्तु चांगली कीं वाईट हेंच मला समजत नाहीं, मग बाजू कोणाची घेऊं?' असा त्या माउलीचा प्रश्न आहे.

प्रश्न रास्त आहे. ज्या वस्तूचे गुणदोष कोणासच नीट ठाऊक नाहींत, तिच्याविषयींचा वाद पाहतां पाहतां वस्तूचा न राहतां माणसांचा होतो. म्हणून आधीं वस्तु पाहूं. माणसांकडे मागाहून वळूं.

संगणकाच्या पडद्यावरील चित्र लहान लहान ठिपक्यांचें असतें. फुल एचडी पडद्यावर सुमारें २० लक्ष ७३ हजार, तर फोर-के पडद्यावर सुमारें ८३ लक्ष ठिपके असतात. खेळ चालू असतां या प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदांतून साठ, शंभर किंवा त्याहूनहि अधिक वेळां नव्यानें ठरवावा लागतो. आचारी कितीहि कुशल असला तरी हजार पानांची पंगत एकट्यानें वाढूं शकत नाहीं; तेथें वाढपीच पुष्कळ हवेत. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा तो आचारी, आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे वाढप्यांची फौज. ५०९० मध्यें असे २१,७६० लहान गणक एकाच वेळीं राबतात. त्याच्या चिपवर ९,२२० कोटी ट्रान्झिस्टर आहेत आणि स्मृति ३२ जीबी आहे. चिपची आखणी अमेरिकेंतील एन्व्हिडिया कंपनीची. घडण तैवानच्या टीएसएमसीची. जानेवारी २०२५ मध्यें हें कार्ड जाहीर झालें, तेव्हां त्याची किंमत १,९९९ डॉलर, आणि भारतांत २,१४,००० रुपयांपासून पुढें, अशी सांगण्यांत आली होती.

तेव्हां वस्तु उत्तम आहे, याविषयीं चिरंजीवांचें म्हणणें सोळा आणे खरें. परंतु उत्तम वस्तु आणि आपल्याला साजेशी वस्तु या दोन गोष्टी निराळ्या. तें ठरविण्यासाठीं कांहीं परीक्षा सांगतों.

पहिली परीक्षा शेजारच्या नगाशीं तुलना करण्याची. याच मालिकेंतील ५०८० हें कार्ड त्याच महिन्यांत ९९९ डॉलर, भारतांत १,०७,००० रुपयांपासून, अशा किंमतीस जाहीर झालें. त्यांत गणक १०,७५२ आणि स्मृति १६ जीबी. म्हणजे ५०९० मध्यें सर्व कांहीं दुप्पट आहे, किंमतहि दुप्पट. मात्र खेळांतील वेग दुप्पट होत नाहीं. फोर-के पडद्यावर तो सुमारें दीडपट भरतो, आणि फुल एचडी पडद्यावर फरक त्याहूनहि बराच कमी होतो. कारण तेथें मुख्य प्रोसेसरच मागें पडतो आणि वाढपी हात बांधून उभे राहतात. म्हणून पहिला प्रश्न कार्डाचा नसून पडद्याचा आहे. घरांत फोर-के पडदा नसेल तर या कार्डाचा बराचसा पैसा स्वस्थ बसून राहील.

दुसरी परीक्षा आंकड्यांची. सेकंदास शंभर चित्रें, अशी सरासरी दुकानदार सांगतो. पण सरासरी चांगली असूनहि गाडी मधूनच गचके देऊं शकते. सेकंदास साठ चित्रें म्हणजे प्रत्येक चित्रास सुमारें १६.७ मिलिसेकंद, एखादें चित्र मध्येंच पन्नास मिलिसेकंद अडखळलें तर डोळ्यास तो हिसका तत्काळ कळतो. यासाठीं सर्वांत मंद अशा एक टक्का चित्रांचा वेग जाणते परीक्षक निराळा देतात, तो पाहावा. शिवाय या मालिकेंत कार्डानें स्वतः रेखाटलेल्या प्रत्येक चित्रामागें तीनपर्यंत चित्रें अंदाजानें भरण्याची युक्ति आहे. तिनें हालचाल गुळगुळीत दिसते खरी. पण खेळणाऱ्याच्या हातास मिळणारा प्रतिसाद मूळ चित्रांवरच अवलंबून राहतो. मूळ वेग बेताचा असेल तर चौपट झालेला आंकडा डोळ्यांस सुखावेल, हातांस नव्हे. जाहिरातींतील उड्या बहुतेक या भरतीच्या चित्रांच्या असतात. तेव्हां तुलना करतांना ही युक्ति बंद ठेवून काढलेले आंकडे आधीं मागावे.

आतां ओव्हरक्लॉकिंगकडे वळूं. कारण चिरंजीवांचा मुख्य युक्तिवाद तोच आहे. 'कार्ड ओव्हरक्लॉक केलें म्हणजे दिलेल्या पैशांहून अधिक काम देईल,' असें त्यांनीं आईस सांगितलें आहे. चिपमधील प्रत्येक क्रिया एका ठेक्यावर चालते. ५०९० चा जाहीर ठेका २,४०७ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदास सुमारें २४० कोटी ठोके इतका आहे. कारखान्यानें नेमून दिलेला ठेका आपण होऊन वाढविणें, याचें नांव ओव्हरक्लॉकिंग.

एके काळीं या खटपटीस खरोखर अर्थ होता. १९९८ सालीं इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर निघाला. त्याचा ठेका ३०० मेगाहर्ट्झचा. पण बसचा वेग ६६ वरून १०० वर नेला कीं पुष्कळसे नग ४५० वर सुखानें चालत. एक पैहि अधिक न देतां दीडपट वेग मिळे! कारखान्यानें राखून ठेविलेली शक्ति हुशार मुलांनीं शोधून काढिली होती. आतां मात्र ही शिल्लक कारखानाच खर्च करून टाकितो. आजचें कार्ड स्वतःचें तापमान, विजेचा दाब आणि खप क्षणोक्षणीं मोजून ठेका आपोआप वाढवीत असतें, आणि जाहीर आंकड्याच्या वरच चालतें. मालकाच्या हातीं उरतो तो पांच ते दहा टक्क्यांचा लाभ. शंभराच्या ठिकाणीं एकशें पांच किंवा एकशें दहा चित्रें झालीं, तर आंकडे झांकून तीं ओळखणारा डोळा विरळा.

या लहानशा लाभाची किंमत मात्र लहान नाहीं. चिपचा वीजखप ठेक्याच्या प्रमाणांत वाढतो, आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ठेका चढवावयाचा तर दाबहि चढवावा लागतो. दोन्ही दहा दहा टक्क्यांनीं वाढविले तर खप ३३ टक्क्यांनीं वाढेल. हाच हिशेब उलट करून पाहा: दोन्ही दहा टक्क्यांनीं उतरविले तर खप सुमारें २७ टक्क्यांनीं घटतो. ५०९० ची नेमलेली मर्यादा ५७५ वॉटची आहे. ती ४६० च्या आसपास आणून ठेविली तरी वेग चार-पांच टक्क्यांहून फारसा कमी होत नाहीं, असें परीक्षकांस आढळलें आहे. रोज तीन तास पूर्ण भारावर खेळल्यास महिन्यास एकट्या कार्डाचे सुमारें ५२ युनिट होतात. मर्यादा घातल्यास सुमारें ४१. शिवाय पंख्यांची घरघर कमी, खोलीचा ताप कमी. आजच्या उंची कार्डाच्या बाबतींत खरें कौशल्य ठेका चढविण्यांत नसून दाब बेतानें उतरविण्यांत आहे. त्यालाहि कसोटी, धीर आणि मोजमाप लागतें. तेव्हां चिरंजीवांच्या हौसेस येथें पुरेसा वाव आहे.

चौथी परीक्षा घरानें लक्ष देऊन वाचावी, कारण ती सुरक्षिततेची आहे. ५७५ वॉट वीज १२ व्होल्टच्या दाबानें न्यावयाची तर सुमारें ४८ अँपियरचा प्रवाह लागतो. तो एका नखाएवढ्या जाडीच्या जोडणींतील सहा पिनांवर वाटला जातो: प्रत्येकीस आठ. जुन्या आठ पिनांच्या जोडणींत १५० वॉटांस तीन पिना असत, म्हणजे प्रत्येकीस चारांच्या आसपास. २०२२ च्या अखेरीस, आधींच्या मालिकेंतील ४०९० या कार्डाच्या जोडण्या वितळल्याच्या वार्ता आल्या. जोडणी पुरती आंत न बसविणें हें त्याचें एक मोठें कारण ठरलें. पुढें २०२३ मध्यें जोडणीची रचना सुधारण्यांत आली. तरीहि फेब्रुवारी २०२५ मध्यें एका प्रसिद्ध जर्मन प्रयोगकारानें ५०९० वर मोजमाप केलें, तेव्हां एकाच तारेंतून वीस अँपियरहून अधिक प्रवाह जातांना त्यास आढळला. म्हणून जोडणी शेवटपर्यंत दाबून बसवावी, तिच्यापाशींच तार मुरडूं नये, आणि एका पॉवर सप्लायच्या तारा दुसऱ्यास कधींहि लावूं नयेत. पॉवर सप्लाय निदान १,००० वॉटचा आणि नांवाजलेला हवा. अशा जोडणीवर ओव्हरक्लॉकिंगचा भार आणखी चढविणें आम्हांस तरी प्रशस्त वाटत नाहीं.

एवढ्यावर काम भागत नाहीं. जुन्या घरांतून अर्थिंग नांवापुरतेंच असतें, आणि एकाच प्लगवर तीन यंत्रें लोंबत असतात. शिवाय कार्डांत गेलेली सर्व वीज अखेर उष्णता होऊनच बाहेर पडते. परीक्षक थंड खोलींत आंकडे काढतात. वैशाखांत, माडीवरच्या पत्र्याखालच्या खोलींत तेच आंकडे मिळतील अशी आशा धरूं नये.

आतां माणसांकडे येऊं. आजोबांस आमची विनंति अशी कीं, खेळावरचा खर्च म्हणजे उधळपट्टीच असें मानूं नये. कोणी तंबोऱ्यावर खर्च करितो, कोणी कॅमेऱ्यावर. स्वतःच्या कमाईंतून केलेली बेताची हौस हा दोष नव्हे. काकांस इतकेंच सांगावयाचें कीं, 'पुढें पाहूं' हें उत्तर तरुण मुलास नकाराहून अधिक लागतें. आणि चिरंजीवांस एक गोष्ट दाखवावीशी वाटते. त्यांनीं घाम गाळून जी निम्मी रक्कम जमविली, ती ५०८० च्या जाहीर किंमतीइतकीच आहे. सामाईक पैशांतून ते जें मागत आहेत तें फोर-के पडद्यावरील वरच्या निम्म्या वेगासाठीं. चित्रपटसंकलन, त्रिमितीय रेखाटन किंवा घरच्या संगणकावर कृत्रिम बुद्धीचें काम, यांपैकीं कांहीं ते करीत असतील तर ३२ जीबी स्मृतीचा उपयोग निराळा, आणि तो त्यांनीं सर्वांपुढें मांडावा. केवळ खेळासाठीं असेल तर हा वरचा भाग स्वतःच्या पुढच्या पगारांतून घ्यावा, किंवा धाकट्या कार्डावर समाधान मानावें. दोहोंपैकीं कांहींहि केलें तरी कमीपणा नाहीं. दुकानांतील भाव जाहीर किंमतीहून चढे असूं शकतात, हेंहि हिशेबांत धरावें.

सामाईक पैशांतून मात्र एक खर्च अवश्य करावा: चांगल्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावें आणि त्या खोलींत स्वतंत्र प्लग काढून घ्यावा. तें एकट्या चिरंजीवांचें नाहीं, सगळ्या घराचें काम आहे. पाटावर बसलेल्या नातवंडापासून म्हाताऱ्यांपर्यंत सर्वांच्या जिवाशीं त्याचा संबंध आहे.

राहिला प्रश्न बाजू घेण्याचा. ताई, आपण कोणाचीच बाजू घेऊं नये. एखाद्या रविवारीं जेवणें उरकल्यावर चिरंजीवांनीं पडदा, वेग, वीज आणि पैसा यांचा हिशेब कागदावर लिहून आजोबांपुढें ठेवावा. आणि आजोबांनीं अर्धा तास शेजारीं बसून तो खेळ एकदां पाहावा. कार्ड घरांत येवो अथवा न येवो, जेवणाच्या पंगतींतली बंद पडलेली बोलणीं तरी सुरू होतील.