डायरेक्शन काढण्याआधी खिडकीवरच्या माणसाला विचारा

मा. कुलगुरू व मा. कुलसचिव,
राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, नागपूर



मी संलग्न महाविद्यालयात उभी हयात शिकवले. निवृत्तीनंतर एकच मागणी घेऊन आपल्यापुढे येतो आहे. अभ्यासक्रम ठरवणारे प्राध्यापक आणि तो कागदोपत्री चालवणारे कर्मचारी यांना एका टेबलाशी बसवा.

आमच्या कार्यालयात एक वरिष्ठ लिपिक होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांचे कापडी बांधणीचे एक रजिस्टर होते. डाव्या पानावर जुने पेपर, उजव्या पानावर नवे, मध्ये तांबड्या शाईच्या रेघा. जुन्या अभ्यासक्रमातल्या विद्यार्थ्यांना नव्यात सामावून घेणारी ॲब्सॉर्प्शन स्कीम आम्ही प्राध्यापकांनी लिहिलेली असे. पण मध्ये वर्ष गेलेला, विषय बदललेला किंवा दुसरीकडून आलेला विद्यार्थी तिच्यात कुठे बसतो, हे भाऊंनाच ठाऊक असे.

भाऊ निवृत्त झाले. शाल-श्रीफळ दिले, फोटो काढले. रजिस्टर कपाटात राहिले, पण रेघांजवळच्या खुणांचा अर्थ कोणाला लागेना. त्या हिवाळी परीक्षेत तिरोड्याच्या एका मुलीच्या फॉर्मवर चुकीचा पेपर कोड पडला. चूक आमच्या कार्यालयाची. निकाल रोखला गेला तिचा. फाईल छातीशी धरून ती दारात उभी राहायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. शेवटी रजिस्टर घेऊन मी भाऊंच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावला, एका खुणेवर बोट ठेवले आणि दोन मिनिटांत उलगडा केला. तोवर तिचे एक सत्र वाया गेले होते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाने शंभरी ओलांडली आहे. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ वेगळे झाले, तरी त्याआधी पदवी घेतलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्यांच्या नोंदी नागपूरच्याच दप्तरात आहेत. ते दप्तर वाचता येणारी माणसे एकेक करून निवृत्त होत आहेत.

त्यातच राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत पदवीची नवी रचना आली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, क्रेडिट बँक. अभ्यासमंडळात या कल्पना असतात. कार्यालयात प्रत्येकीचा फॉर्मवर एक रकाना होतो. कोणत्या दोन विषयांचे पेपर एकाच दिवशी आदळतील, हे तो रकाना भरणाऱ्याला आधी दिसते. एखादा पेपर चार क्रेडिटचा का, प्रात्यक्षिकात वेगळे उत्तीर्ण का व्हावे लागते, हे प्राध्यापकाला माहीत असते. ते कर्मचाऱ्याला कोणी सांगितले, तर तो विद्यार्थ्यालाही समजावून सांगू शकेल. आज त्याच्या हाती ‘नियम आहे’ एवढेच उत्तर असते.

म्हणून तीन गोष्टी मागतो.

पहिली : नवी डायरेक्शन, म्हणजे अभ्यासक्रम-परीक्षेच्या नियमांचा आदेश, काढण्यापूर्वी तिचा मसुदा परीक्षा विभागातल्या आणि महाविद्यालयीन कार्यालयांतल्या अनुभवी कर्मचाऱ्यांना वाचायला द्या. त्यांच्या हरकती लेखी घ्या आणि अभ्यासमंडळापुढे ठेवा.

दुसरी : निवृत्तीच्या सहा महिने आधी प्रत्येक कर्मचाऱ्यासोबत त्याच्या जागी येणारा माणूस बसवा. नेहमीच्या कामाची पद्धत आणि अडलेल्या प्रकरणांची तोड लिहून घ्या. हे लिहिणे त्याचे अधिकृत काम समजा, त्यावर त्याचे नाव घाला.

तिसरी : प्राध्यापकांच्या उजळणी वर्गांत एक दिवस प्राध्यापक आणि कर्मचारी या दोघांसाठी मिळून ठेवा. त्या दिवशी प्राध्यापकांनी परीक्षा अर्ज स्वतः भरून पाहावा आणि शिकवायला लिपिक असावा.

यासाठी नवी इमारत किंवा मोठा निधी लागत नाही. लागतो तो मान. खिडकीमागे तीस वर्षे बसलेल्या माणसाकडेही विद्या आहे, हे विद्यापीठाने मान्य करावे.

भाऊ आता थकले आहेत. मागच्या भेटीत त्यांनी विचारले, “सर, ते रजिस्टर आहे ना अजून?” मी आहे म्हणालो. ते वाचायला कोणी शिकले का, असे त्यांनी पुढच्या वेळी विचारले, तर मला हो म्हणता यावे, एवढे करा.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त प्राध्यापक, नागपूर