न झिजणारी मेणबत्ती

पवित्र शनिवारच्या रात्री चर्चबाहेर नवा अग्नी पेटतो, त्यावर पास्खाची मेणबत्ती प्रज्वलित होते आणि त्या एका ज्योतीमागून भाविक अंधाऱ्या मंदिरात प्रवेश करतात. निदान तशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात काही धर्मग्रामांत काय दिसते? मेणबत्तीच्या आकाराची प्लॅस्टिकची पांढरी नळी, तिच्या पोटात तेलाची डबी आणि वर चिकटवलेला सालाचा आकडा. पुढल्या वर्षी आकडा बदलला की काम भागले!

या नळीला आमचा स्पष्ट विरोध आहे. व्हॅटिकनच्या उपासनाविषयक मंत्रालयाने १९८८ साली पास्खा सणासंबंधी परिपत्रक काढले. ही मेणबत्ती मेणाची असावी, दरवर्षी नवी असावी, एकच व पुरेशी मोठी असावी, कृत्रिम तर कधीच नसावी, असे त्यात बजावले आहे. त्याच रात्रीच्या स्तुतिगानात मेण घडविणाऱ्या मधमाश्यांचा गौरवाने उल्लेख येतो. उपयाजक ते गान प्लॅस्टिकशेजारी उभा राहून गातो, तेव्हा आपण नक्की कोणाचे कौतुक करीत असतो? बाजारातील पुष्कळशा मेणबत्त्या पॅराफिनच्या असतात, हे आम्ही जाणतो. पण त्या निदान वितळतात. पेंटेकॉस्टपर्यंतच्या पन्नास दिवसांत मेणबत्ती झिजताना दिसते आणि ख्रिस्ताने स्वतःला कसे वेचले, हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नळी मात्र पहिल्या दिवशी जेवढी, तेवढीच शेवटच्या दिवशी.

दुसरी तक्रार विजेच्या दिव्यांची. मेणबत्ती वेदीपाशी पोचून तिसरा उद्घोष होईपर्यंत मंदिरातले दिवे लावायचे नसतात. येथे पहिल्या उद्घोषालाच कोणी तरी उत्साही गृहस्थ बटण दाबतो! पोप बाराव्या पायस यांनी १९५१ साली हा विधी पुन्हा रात्री आणला. त्यापूर्वी तो शनिवारी सकाळी होत असे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी ही ज्योत उन्हात फिकी पडे. परत मिळालेली रात्र आपण ट्यूबलाइटच्या हवाली करावी काय?

खर्चाचे कारण आम्हांला पटत नाही. सणाच्या रोषणाईला आणि लाउडस्पीकरला वर्गणी पडते. ज्या ज्योतीवरून बाळाच्या स्नानसंस्काराची मेणबत्ती पेटवायची आणि जी उद्या आपल्याच शवपेटीशेजारी तेवायची, तिच्यासाठीच हात आखडता का? मेण फरशीवर सांडते, ही सबब तर ऐकवत नाही. फरशी खरवडता येते.

राखेच्या बुधवारापूर्वी चर्च कमिट्यांनी खऱ्या मेणबत्तीची मागणी नोंदवावी. पैसे कमी पडत असतील, तर त्या रविवारी दाराशी एक वेगळी पेटी ठेवावी. तीत पहिली नोट आम्ही टाकू.