अवर्षण आणि दुष्काळ

माळव्यात पाहुणा आला, की आपल्याकडील वडीलधारी मंडळी मोठ्या अभिमानाने सांगत, 'या भूमीत पावलोपावली अन्न आहे आणि पाणीही आहे.' त्याच माळव्यातील देवास शहराला २५ एप्रिल १९९० रोजी इंदूरहून ५० टाक्यांची आगगाडी भरून पाणी आणावे लागले. पवारांच्या काळापासून जेथे मराठी कुटुंबे नांदत आली, त्या गावावर ही वेळ का यावी?

अवर्षण आणि दुष्काळ हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः ते भिन्न आहेत. पाऊस न पडणे हे अवर्षण. ते आपल्या हाती नाही. पावसाने ओढ दिली की प्रथम जमिनीतील ओल जाते व पिके माना टाकतात. पुढे ओढे-नाले आटतात, मग विहिरी, आणि सर्वांत शेवटी खोल भूजल. भरण्याचा क्रमही बहुधा तोच. म्हणूनच चार सरींनी शेत हिरवे झाले, तरी विहीर कोरडीच राहू शकते.

आपल्या काळ्या मातीखाली काळा कातळ आहे. त्यात पाणी साठते ते केवळ झिजलेल्या थरांत आणि भेगांत. अर्थात भूगर्भातील ही तिजोरी मुळातच लहान, आणि चार महिन्यांचा पाऊस मात्र वर्षभर पुरवावयाचा!

पूर्वजांनी हे जाणले होते. धार जिल्ह्यातील मांडवगडावर नदी नाही. म्हणून तेथे पावसाचे पाणी तलावांत व हौदांत साठविले गेले. जहाजमहालाच्या दोन अंगांस असलेले मुंज तलाव आणि कपूर तलाव ही नुसती शोभा नव्हे. देवासने मात्र तलाव बुजवून त्यांवर घरे व कारखाने उभारले आणि कूपनलिका अधिकाधिक खोल नेल्या. तिजोरीतील भरणा थांबला, उचल वाढली. अवर्षणाचा दुष्काळ झाला तो असा.

सुदैवाने याच जिल्ह्याने उपायही दाखविला. २००६ पासून तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या प्रेरणेने शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीचा काही भाग देऊन हजारो तळी खोदली. २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी क्षिप्रेत आले, हेही खरे. परंतु ते वीज खर्चून वर चढविलेले पाणी. उसनवारीवर प्रपंच फार काळ चालत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या वाड्यात जुना आड असेल. नळ आला तेव्हा आम्हीही आमच्या आडावर फरशी घातली होती. ती आता काढविली आहे. गाळ उपसून, पहिल्या सरींचे पाणी वगळून, छपरावरचे पुढील पाणी वाळू-खडीतून गाळून आडात सोडण्याचे योजिले आहे. वाचकांनीही आपापला आड एकदा उघडून पाहावा, एवढीच विनंती.